शेजार विचारला का

होळीची राख अजून गल्लीतून पुरती उडालीही नव्हती, तोवर चाँदपाशाच्या घराला रंग लागायला सुरुवात झाली. त्याच्या पोरानं, अक्रमनं, धाराशिवहून रंगारी आणले होते आणि रंगही तिकडूनच आणला होता, फिकट पिस्त्याचा. शेजारची सिताबाई आपल्या ओट्यावर शेळीच्या गळ्यातलं दावं सोडवत बसली होती, तिचे हात थांबले. ज्या घराला लेकीच्या लग्नात नुसता चुना लागला आणि अक्रमच्या लग्नात तोही धड लागला नाही, त्या घरावर आता दुसरा हात चालला होता. तेर गावात लग्नाशिवाय घराला रंग लागला की त्याचा अर्थ शाळेतल्या पोरालाही कळतो. पाडव्याच्या तोंडावर घराला गिऱ्हाईक चांगलं लागतं. कुणी बदलीवर आलेला असतो, कुणाच्या हातात तुरीचा पैसा खेळत असतो आणि पाडव्याला इसार द्यायचा तर पंचांग उघडावं लागत नाही. चाँदपाशाचं घर विकायला निघालं होतं.

सिताबाईला त्याचं नवल वाटलं नाही. चाँदपाशाच्या बायकोच्या, नूरजहाँच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तिला जीपमध्ये घालून धाराशिवला न्यायचं, मशिनीवर निजवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. परत येताना तिचा चेहरा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा झालेला असे. सिताबाई स्वतः कितीदा तरी तिच्यासोबत गेली होती. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला नूरजहाँ डोळे मिटून दात आवळायची, आणि सिताबाई जीपवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. अक्रमनं दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. घर विकलं की त्या घ्यायच्या, असं ठरलं होतं. घर विकल्याशिवाय गत्यंतर नाही, हे सिताबाईला चाँदपाशाच्याही आधी कळलं होतं.

तिचं म्हणणं एवढंच होतं, की आधी मला विचारा.

आणि हे काही तिच्या मनचं खूळ नव्हतं. त्या गल्लीत घर म्हणा, जागा म्हणा, काहीही विकायचं निघालं की आधी शेजार विचारायची रीत होती. निजामाच्या वेळची जुनी माणसं तिला ‘सुफा’ म्हणत. बायका नुसतं म्हणत, “शेजार विचारला का?” ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे, त्याच्या दारात मालकानं स्वतः जायचं, धुतलेल्या कपड्यांत जायचं, आणि म्हणायचं, आम्ही घर काढलंय, आधी तुमचा हक्क, घेता का? शेजाऱ्याला घ्यायचं असेल तर त्यानं तिथल्या तिथं ‘घेतो’ म्हणायचं. मग बाहेरच्यानं कितीही देऊ केलं तरी घर शेजाऱ्याचं. घ्यायचं नसेल तर ‘नको, द्या खुशाल’ म्हणायचं. मग चहा व्हायचा आणि विकणारा मोकळा व्हायचा. कायद्याच्या पुस्तकात आता त्याला काय किंमत आहे कुणास ठाऊक, पण गल्लीत होती. आणि खरं सांगायचं तर शंभरात नव्वद शेजारी ‘नको’च म्हणत. ‘घेतो’ म्हणावं म्हणून कुणी विचारत नसे. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, ते एकदा तोंडानं कबूल करायचं असे.

सिताबाईच्या नवऱ्यानं, गोरोबानं, मेंढरं मोडली तेव्हा मागचं वाडगं विकायला काढलं होतं. मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला तो माणूस, गावातल्या चालीरीतींशी त्याला फार देणंघेणं नव्हतं. पण त्या दिवशी त्यानं अंघोळ केली, परटाकडचं धोतर नेसला, पटका बांधला आणि हाकेच्या अंतरावरच्या चाँदपाशाकडे पाहुण्यासारखा गेला. चाँदपाशा तेव्हा एसटीत ड्रायव्हर होता, नुकताच ड्युटीवरून आलेला. त्यानं खाकी शर्टाची बटणं लावली, गोरोबाला खुर्ची दिली आणि आपण उभ्यानं ऐकून घेतलं. “नको भाऊ, द्या खुशाल,” म्हणाला. गोरोबा घरी आला तो मोठं काम उरकल्यासारखा आला आणि दुपारभर निवांत झोपला. आता गोरोबाला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. पोरगा शिवराज चाकणला कंपनीत होता. घरात सिताबाई, दोन शेळ्या आणि तिची जीभ, एवढंच काय ते उरलं होतं.

तेव्हा चाँदपाशा आपल्याकडे येणार, हे सिताबाईनं धरूनच ठेवलं. तिनं ओटा सारवला. फरशीच्या दुनियेत ओटा सारवणारी गल्लीत ती एकटीच होती. दुपारच्या दुधातलं कपभर दूध ती चहासाठी राखून ठेवू लागली. मग तिला आठवलं की रमजान चालू आहे, चाँदपाशाला रोजे आहेत, तो चहा घेणार नाही. तरी दूध राखलंच. घेऊ दे न घेऊ दे, आपल्याकडून चूक नको.

आणि तिनं उत्तर तयार केलं. साधंसुधं उत्तर तिला चालणार नव्हतं. चाँदपाशा विचारील, मग आपण जरा थांबायचं, लगेच बोलायचं नाही. मग म्हणायचं, “पाशाभाई, माजी काय ऐपत हाय का? पन तुमी दारात आलाव, माजा मान ठिवलाव, मला पोचलं. द्या खुशाल. भाबीला आराम पडू द्या.” हे ती शेळीला म्हणून बघायची, तव्यावरच्या भाकरीला म्हणून बघायची. ‘मला पोचलं’ कुठं म्हणायचं, आधी की नंतर, यावर तिची एक अख्खी सकाळ गेली. गोरोबा असता तर म्हणाला असता, अगं, तुला नको म्हणायचंय का गावापुढं भाषण करायचंय?

चाँदपाशा मात्र आला नाही.

रंग वाळला. माणसं घर बघायला येऊ लागली. कोणी पाण्याची टाकी किती मोठी ते विचारी, कोणी गच्चीवर जाऊन पाय आपटून बघे. सिताबाई ओट्यावरून सगळं बघत असे आणि चाँदपाशा दिसला की मुद्दाम दुसरीकडे मान वळवत असे, म्हणजे त्याला हाक मारायला संकोच नको. हा तिचा हिशोब तिलाच ठाऊक. चाँदपाशा आपला नेहमीसारखा सलाम करायचा आणि नमाजाला निघून जायचा. अलीकडे तो वाकला होता. जन्मभर स्टेअरिंगवर ताठ बसलेला माणूस, पण बायकोच्या दुखण्यानं त्याच्या पाठीतला तो ताठपणा नेला.

एके दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या हर्षाली मॅडम नवऱ्याला घेऊन घर बघायला आल्या. बाई चांगली होती. चपला बाहेर काढून आत गेली, नूरजहाँच्या खाटेपाशी बसून तिची चौकशी केली. मग भिंतीवर बोटाची पेरं वाजवून म्हणाली, “ही भिंत आपली का पलीकडच्यांची?”

“सामाईक हाय,” अक्रम म्हणाला.

“पलीकडे कोण राहतं?”

“एकटी बाई राहते, धनगराची. काई त्रास न्हाई त्यांचा.”

भिंतीच्या दुसऱ्या अंगाला सिताबाई ज्वारी निवडत बसली होती. काही त्रास नाही! हाच अक्रम तिच्या पोटावर लोळून मोठा झाला होता. चाँदपाशा मुक्कामी गाडी घेऊन जायचा, नूरजहाँला एकटीला भय वाटायचं, तेव्हा तिला सोबत म्हणून गोरोबाला मेंढरांपाशी पाठवून सिताबाई त्यांच्याकडे झोपायला जायची, आणि हा मध्ये आडवा पडून दोघींना लाथा मारायचा. तिनं सुपातली ज्वारी तशीच ठेवली. मग पुन्हा निवडायला घेतली आणि खडे कुठले नि दाणे कुठले ते तिला दिसेना.

त्या दिवसापासून ती चाँदपाशाकडे गेली नाही. नूरजहाँच्या जीपच्या वेळेला मुद्दाम शेळ्या घेऊन नदीकडे गेली. तेरणेच्या काठानं हिंडताना तिच्या मनात नको नको ते येऊ लागलं. आपण बाई म्हणून विचारलं नाही. आपल्याला नवरा नाही म्हणून विचारलं नाही. हिच्याकडे काय आहे घ्यायला, मग कशाला उगीच शब्द खर्ची घाला, असं त्यांना वाटलं असेल. शेवटी तिच्या मनात आलं, की आपण धनगर आणि ते मुसलमान म्हणून तर नाही? हे मनात आल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आणखी वाढला. माणूस दुखावला की आपल्याच माणसांवर कसले कसले आळ घेतो, त्याला सुमार नाही.

पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा पिठाच्या गिरणीत अयोध्या भेटली. अयोध्याला गावातली बातमी गावाच्या आधी कळते. “सिताबाय, तुमच्या शेजारी मॅडम येनार म्हनं. पाडव्याला इसार हाय.” मग तिनं डोळे बारीक केले. “तुमाला विचारलं आसंल की पाशाभाईनी?”

सिताबाई पिठाचा डबा तिथंच ठेवून निघाली. मागं अयोध्या काही तरी म्हणत होती, ते तिनं ऐकलं नाही.

चाँदपाशा ओट्यावर बसून नूरजहाँच्या गोळ्या कागदाच्या पुड्यांत वेगळ्या करत होता. सिताबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. राम राम नाही, सलाम नाही.

“पाशाभाई, शेजार विचारला का?”

चाँदपाशानं चष्मा वर केला. त्याला प्रश्नच समजला नाही असं त्याच्या तोंडावर दिसलं. “विचारला की, वैनी.”

“कुनाला?”

“शिवराजला फोन केलता. होळीच्या आदीच. घर काढायच्या आदी पयला फोन त्यालाच केला. म्हनलं, बाबा, आदी तुमचा हक्क, घेतूस का? त्यो म्हनला, नको चाचा, द्या खुशाल.” आणि मग तो जरा गोंधळून म्हणाला, “तुमाला बोलला न्हाय का त्यो?”

इतके दिवस तिनं जे घोटून घोटून ठेवलं होतं, ते तिच्या पोरानं कधीच देऊन टाकलं होतं, कंपनीच्या गेटवर उभं राहून, कानाला मोबाइल लावून. आणि आईला सांगावंसंही त्याला वाटलं नव्हतं.

“तुमचं घर त्याच्या नावावर हाय न्हवं,” चाँदपाशा हळूच म्हणाला. “मालकाला विचारायचं आसतंय. म्हनून त्याला विचारलं.”

“नावावर त्याच्या हाय,” सिताबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तिचा आवाज चढला नाही की गल्लीला धास्ती वाटायची. “पन शेजार कुनी केला, पाशाभाई? बारा वर्सं झाली त्याला चाकणला जाऊन. भाबीचं पोट दुखलं तर भिंत कुनाची वाजीवत व्हता तुमी? शिवराजची?”

चाँदपाशाच्या हातातली पुडी तशीच राहिली. सिताबाई वळली आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं. भरदिवसा तिनं दार लावलेलं गल्लीनं गोरोबाच्या दहाव्यानंतर पाहिलं नव्हतं. तिनं शिवराजला फोन लावला. मागं मशिनींचा आवाज येत होता. “आई, त्यात काय एवढं?” तो म्हणाला. “आपल्याला कुठं घ्यायचंय ते घर?” त्याचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं आणि ती एकटीच चुकीची ठरत होती. तिनं फोन ठेवला आणि मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा दारावर थाप पडली. सिताबाईनं दार उघडलं. चाँदपाशा उभा होता. पांढरा कुडता, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, दाढी विंचरलेली. ईदला राखून ठेवलेले कपडे त्यानं आधीच काढले होते. रोजानं त्याचे ओठ सुकले होते. एवढं दोन पावलांचं अंतर, पण तो पाहुण्यासारखा ओट्याच्या खाली थांबला होता.

“येऊ का, वैनी?”

तिनं घोंगडी अंथरली. तो बसला नाही. उभ्यानंच, दोन्ही हात पुढं एकात एक धरून, तो म्हणाला, “माजी चूक झाली. आमी घर काढलंय. आदी तुमचा हक्क. तुमी घेताव का?”

सिताबाई ठरल्याप्रमाणे जरा थांबली.

तिनं चाँदपाशाकडे बघितलं. त्याच्या मागं त्याचं पिस्त्याच्या रंगाचं घर दिसत होतं. आतून नूरजहाँच्या खोकल्याचा आवाज आला. इतके दिवस सिताबाईनं प्रश्नाची वाट बघितली होती, उत्तराचे शब्द मागं-पुढं लावून बघितले होते, पण त्या उत्तराचा अर्थ काय होतो ते एकदाही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ‘नको’ म्हटलं की ही माणसं जाणार. आपण ‘नको’ म्हटल्यावर जाणार. उद्या भिंतीपलीकडे मॅडमच्या घरातला टीव्ही वाजणार, आणि तो आपणच आपल्या तोंडानं तिथं आणून ठेवलेला असणार.

“घेते,” ती म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि त्याचा तिलाच धक्का बसला. चाँदपाशा हसला नाही. कशानं घेणार, कधी घेणार, असंही त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या कुणी ‘वैनी, चेष्टा करताव का’ म्हणून वेळ मारून नेली असती. हा माणूस तसल्यातला नव्हता. पाटीवर लिहिलेल्या गावाला गाडी नेणार म्हणजे नेणार, अशा हिशोबानं त्यानं उभी नोकरी केली होती.

“बरं,” तो म्हणाला. “मग मॅडमला सांगून टाकतो.”

आणि तो गेला.

तासाभरात भिंतीपलीकडे अक्रमचा आवाज चढला. सिताबाईला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. “अब्बा, तुमचं डोकं फिरलं का? त्या बाईकडं काय हाय घ्यायला? शेळ्या इकून घर घेनार का त्या?”

“त्यांनी कशानं घ्यायचं, ते त्यांचं त्या बघतील. विचारायचं काम माजं. सांगायचं त्यांचं.”

“आन् अम्मीचं काय? मॅडम थांबनार न्हाईत. येडशीला दुसरं घर बघितलंय त्यांनी. पाडवा टळला की सौदा मोडला म्हनून समजा. मग पुना जीप, पुना तेच!”

चाँदपाशाचं उत्तर ऐकू आलं नाही. सिताबाई भिंतीला पाठ लावून बसली. ती बया कुणाचं वाईट करणारी नव्हती. पण एका शब्दात तिनं शेजाऱ्याचा सौदा अडवला होता, आजारी बाईची वाट अडवली होती, आणि गंमत म्हणजे अडवताना तिला इतकं हलकं वाटलं होतं, जितकं महिनाभरात वाटलं नव्हतं. रात्री तिनं चूल पेटवली नाही.

सकाळी जीप आली. सिताबाई न बोलावता जाऊन उभी राहिली. अक्रमनं तिच्याकडे बघितलं नाही. नूरजहाँची पावलं सुजून चपलेत मावत नव्हती. चाँदपाशानं आणि अक्रमनं तिला दोन्हीकडून धरलं, तरी जीपच्या पायरीवर पाय टाकायला तिला तीनदा दम घ्यावा लागला. सिताबाई मागून चढली आणि नेहमीच्या जागी बसली, नूरजहाँचं डोकं खांद्यावर घेऊन. वाटेत गतिरोधक आले. आज तिनं जीपवाल्याला एकही शिवी दिली नाही. दिवसभर दोघी घराविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत.

संध्याकाळी परत आल्यावर नूरजहाँला खाटेवर निजवलं. अक्रम जीपवाल्याला पैसे द्यायला गेला. चाँदपाशा बाहेर ओट्यावर जाऊन बसला, सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानची वाट बघत. सिताबाई खाटेपाशी बसून नूरजहाँचे पाय चेपू लागली. चेपलं की बोट रुतायचं आणि खड्डा तसाच राहायचा.

“तू घर घेतलंस म्हनं,” नूरजहाँ डोळे मिटूनच म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. “मालकीनबाई झालीस की.”

सिताबाईनं दुसरा पाय मांडीवर घेतला.

“घिऊन करनार काय गं तू?”

“कुलूप लावनार,” सिताबाई म्हणाली. “झाडून-लोटून ठिवीन. तुमी बरं हुन परत येस्तोवर.”

नूरजहाँनं डोळे उघडले. मग तिनं आपला सुजलेला हात सिताबाईच्या हातावर ठेवला.

“मी परत येत न्हाई, सिता.”

इतकी वर्षं ती तिला सिताबाय म्हणायची. आज बाय गळून पडलं होतं. सिताबाईनं पाय चेपायचं थांबवलं नाही.

“तितं गेले तरी न्हाई, न्हाई गेले तरी न्हाई,” नूरजहाँ म्हणाली. “डाक्टर अक्रमला सांगत व्हता, मी आयकलं. यांना ठावं न्हाई. पन रस्त्यात नको गं. त्या जीपमधी नको. दवाखान्याच्या जवळ आसलं तर घरी खाटंवर तरी जाईन.” ती दम खायला थांबली. “तू न्हाई म्हनलीस तर हे जातील. तू हाय म्हनलीस तर हे हलनार न्हाईत. तुला ठावं हाय यांचा सभाव.”

“न्हाय घेत मी,” सिताबाई म्हणाली. “न्हाय घेत, भाबी. नको मला.”

“मला नको सांगू. विचारायला ते आले व्हते.”

सिताबाई उठली. उठताना तिनं पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, पण ते कोरडं होईना, तेव्हा तशीच बाहेर गेली. चाँदपाशासमोर ताटलीत चार खजूर आणि पाण्याचा तांब्या होता. तिला बघून तो उभा राहिला. तिला वाटलं होतं की हा आपल्यावर रागावलेला असेल. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते बघून तिला कळलं, की काल ‘बरं’ म्हणून गेलेला हा माणूस दिवसभर कसल्या आशेवर बसला होता.

“पाशाभाई,” ती म्हणाली. “मला नको. द्या.”

त्यानं आत, खाटेकडे बघितलं.

“मॅडमला सांगा. परवा इसार घ्या. शेजाऱ्यानं नको म्हनलंय.”

चाँदपाशा खाली बसला. गुडघे वाकवून सावकाश बसण्याची त्याची सवय होती, पण आता तो एकदम बसला. तोंडावर टोपी ओढून घ्यावी तसा त्यानं हात कपाळावर नेला.

“मला वाटलं व्हतं, वैनी,” तो म्हणाला, “तुमी तरी सोडनार न्हाय.”

मशिदीतून अजान सुरू झाली. गल्लीत ताटल्यांचे, तांब्यांचे आवाज आले. चाँदपाशाचा हात खजुराकडे गेला नाही. आतून नूरजहाँनं हाक मारली, “रोजा सोडला का यांनी?” आणि सिताबाईनं तांब्या उचलून त्याच्या हातात दिला.

“सोडतायत,” ती आतल्या अंगाला म्हणाली.